पाडलेल्या घराची चौकशी

"घर कुठंय गं तुझं?" निकुंभ मॅडमनी विचारलं.

मी बोट वर केलं आणि ते तसंच हवेत राहिलं. कारण टेकडीवर, दोन मोहाच्या झाडांच्या मधे, जिथं आमचं घर असायला हवं होतं, तिथं आभाळ होतं. एकदम मोकळं, स्वच्छ, निळं आभाळ. त्याखाली पन्नासेक माणसं लगबगीनं इकडून तिकडे जात होती.

"तिथंच होतं," मी म्हटलं.

"होतं म्हणजे?"

"म्हणजे… गेल्या महिन्यात तरी होतं, मॅडम."

मॅडमनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. घर तरीही दिसेना. त्यांच्या बगलेत निळ्या कव्हराची फाइल होती. त्या फाइलीत एक छापील कागद होता आणि कागदावर पहिलाच रकाना होता: 'घराची स्थिती'. साडेतीन तास जीपमध्ये घुसळून त्या फक्त माझं घर बघायला आल्या होत्या. आणि घरच गायब!

तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आता अकरावीत आहे, वसतिगृहात राहते, वक्तृत्वाची दोन बक्षिसं घेतली आहेत. पण स्टेजवर मी कधी त्या दिवसाइतकी घाबरले नाही.

झालं होतं असं. आई-बाप मी रांगत होते तेव्हाच गेले. मला त्यांचे चेहरेही आठवत नाहीत, त्यामुळे त्यावर मी कुणाला रडवणार नाही. मला वाढवलं रुमाली फुईनं. फुई म्हणजे बापाची बहीण. सातपुड्यात आमचा पावरा लोकांचा पाडा आहे, बावीस घरांचा. एका बाजाराच्या दिवशी फुई मिरच्या विकत बसली होती आणि मी उभ्या एसटीत जाऊन बसले, सावली होती म्हणून. झोप लागली. जाग आली तर जिल्ह्याचं गाव, दिव्यांचं मोठं स्टॅण्ड, आणि समोर एक पोलीस ताई.

"आई-वडील?" तिनं विचारलं.

"नाहीत."

"मग राहतेस कुणाकडे?"

"सगळ्यांकडे."

मी अगदी खरं उत्तर दिलं होतं. तिनं लिहिलं: अनाथ, बेघर. आणि माझी रवानगी बालगृहात झाली.

नवव्या दिवशी फुई शोधत शोधत तिथं पोचली. पण मी तिची कोण, हे सांगणारा एकही कागद तिच्याकडे नव्हता. बालकल्याण समितीनं सांगितलं, आधी घराची चौकशी होईल, समाजसेविका जाऊन बघेल, तिचा अहवाल येईल, मग ठरवू. अहवाल चांगला आला तर मुलगी घरी. नाही आला तर पुण्याकडच्या एका मोठ्या संस्थेत, अठरा वर्षांची होईपर्यंत. चौकशी गुरुवारी, समिती शुक्रवारी. म्हणजे माझी सात वर्षं त्या निळ्या फाइलीत होती, आणि ती फाइल निकुंभ मॅडमच्या बगलेत होती.

मॅडमना पावरी येत नव्हती. फुईला मराठी येत नव्हती. म्हणून दुभाषी म्हणून मलाच सोबत आणलं होतं.

"चल, बघू तरी," मॅडम म्हणाल्या आणि चढायला लागल्या.

जवळ गेल्यावर मला कळलं. खांबांसाठी खड्डे खणलेले, बांबू चिरून ठेवलेले, एका बाजूला चूल पेटवून त्यावर हे मोठं पातेलं. लाह होती!

लाह म्हणजे ज्याच्याकडे मोठं काम निघतं, त्यानं पाड्याला हाक मारायची. घरटी एक तरी माणूस येतो, पोरं-बाळं तर सगळीच. मजुरी कुणी देत नाही, कुणी मागत नाही. दुपारचं पोटभर जेवण, आणि उद्या त्यांच्या हाकेला आपण जायचं. घर एका दिवसात उभं राहतं. पण आमचं जुनं घर धडधाकट होतं! आणि पाडायला हाच दिवस मिळाला?

फुई धावत आली. हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेले. तिनं मला जवळ घेतलं नाही, चिखल लागेल म्हणून. नुसती समोर उभी राहून बघत राहिली.

"बारीक झालीस," ती पावरीत म्हणाली.

"काय म्हणतायत?" मॅडमनी विचारलं.

"या, बसा म्हणते."

माझं पहिलं खोटं हे. अगदी साधं, उगाचच. त्यानंतर मात्र मी थांबलेच नाही.

त्याचं कारण सांगते. बालगृहात माझ्या शेजारच्या कॉटवर कोमल नावाची मुलगी होती. तिला सगळं पाठ होतं. "समितीला काय आवडतं माहितेय?" ती सांगायची. "वेगळी खोली. अभ्यासाचं टेबल. दूध. मुलीला कामाला लावत नाहीत असं लिहिलेलं पाहिजे. काम म्हटलं की संपलं." रविवारी फोन करायला एक मिनिट मिळायचं. पाड्यात एका खडकावरच रेंज येते. फुई तिथं उभी राहून बोलली, आणि मी एका दमात सांगून टाकलं: "फुई, गुरुवारी मॅडम घर बघायला येणार. मला वेगळी खोली पाहिजे!" मिनिट संपलं.

त्या फोनचा आणि या आभाळाचा काही संबंध असेल, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

मॅडम सगळीकडे बघत होत्या. माणसं खांब उभे करत होती, बाया कुडाला शेणमाती कालवत होत्या. पोरांनी रांग लावून जुनी कौलं एका हातातून दुसऱ्या हातात उडवत चालवली होती. सहा वर्षांची मिरली, दोन दात पडलेली, डोक्यावर एक कौल आणि हातात एक घेऊन आमच्यासमोरून डुलत गेली.

"ही मुलं काम करतायत?" मॅडमचा आवाज बदलला.

"नाही मॅडम, खेळतायत."

"कौलं घेऊन?"

"हो. आमच्याकडे तोच खेळ असतो."

"आणि या सगळ्यांना मजुरी किती मिळते?"

इथं मी खरं सांगितलं. "काहीच नाही."

मॅडमनी असा चेहरा केला की मला वाटलं, हेसुद्धा खोटंच सांगायला हवं होतं.

मोहाच्या झाडाखाली खाट टाकली. फुलं टपटपत होती, एक मॅडमच्या फाइलीवर पडलं. फुई समोर उकिडवी बसली. तिच्या शेजारी तेरसिंग आजा येऊन बसला. तो पाड्यातला सगळ्यात म्हातारा, आणि त्याला न बोलावता प्रत्येक ठिकाणी बसायचा हक्क होता. कामावरची निम्मी माणसंही हळूहळू कान देऊन जवळ सरकली.

"विचार त्यांना," मॅडम म्हणाल्या, "मुलगी रात्री कुठं झोपते?"

मी पावरीत विचारलं. फुई हसली. "ही? ही कुठं एका जागी झोपते! उन्हाळ्यात अंगणात माझ्याजवळ. तेरसिंगच्या सुनेकडे गप्पा रंगल्या की तिकडेच. आणि बकरीला नवं करडू झालं की त्याच्यापाशी गोठ्यात."

"वेगळ्या खाटेवर," मी मॅडमना सांगितलं. "मच्छरदाणीत. बरोबर आठ वाजता."

मॅडमनी लिहिलं. "मच्छरदाणी? छान. आणि खाते काय?"

फुई म्हणाली, "सकाळी भाकर आणि उडदाची डाळ. कुणी मासे धरून आणले की त्यांच्याकडे. आणि मोहाची फुलं भाजली की हिला बोलवावं लागत नाही, वासानं येते."

"सकाळी दूध," मी म्हटलं. "दुपारी अंडं. संध्याकाळी सफरचंद."

पेन थांबलं. "सफरचंद?"

"बाजारातून आणतात."

मॅडमनी मागं वळून, ज्या रस्त्यानं आम्ही साडेतीन तास आलो होतो, त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग काही न बोलता लिहिलं. मला वाटलं, जमतंय! हिरकी, तू हुशार आहेस, अशीच चालव.

"आता हे नीट विचार. घरात मुलीला काय काय कामं करावी लागतात?"

हा तो प्रश्न. कोमल म्हणाली होती, काम म्हटलं की संपलं. मी विचारला, आणि फुईच्या तोंडावर जो आनंद फुलला म्हणून सांगू!

"कामाचं विचारतायत? सांग ना त्यांना! पाणी आणते, बकऱ्या राखते, मिरची तोडते. पाच वर्षांची होती तेव्हापासून तिला काम सांगावं लागलं नाही."

"आणि कौलं!" तेरसिंग आजा मधेच म्हणाला. "कौलं झेलणारी हिच्यासारखी बावीस घरांत नाही. सांग त्यांना, माझं घर झालं तेव्हा हिनं एक कौल फुटू दिलं नव्हतं."

"हो हो, सांग," मागून चार जणी ओरडल्या.

सगळा पाडा माझी तारीफ करत होता, आणि प्रत्येक शब्दानिशी मी पुण्याकडे एक-एक मैल सरकत होते.

"काय म्हणतायत सगळे?" मॅडमनी विचारलं.

"म्हणतायत, हिला काही काम येत नाही. ही फक्त अभ्यास करते. कामाला आम्ही हात लावू देत नाही."

तेवढ्यात कौलांच्या रांगेतून तेरसिंग आजाची सून ओरडली, "ए हिरके! आलीस आणि बसलीस काय! झेल!"

आणि एक कौल हवेतून आलं. मी मुद्दाम काही केलं नाही, आईशपथ. मान मॅडमकडे होती, तोंडात 'अभ्यास' हा शब्द अजून ओला होता, आणि माझा उजवा हात आपण होऊन वर गेला, कौल झेललं आणि मांडीवर अलगद ठेवलं.

सगळा पाडा खूश होऊन ओरडला.

मॅडम त्या कौलाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अभ्यास छान झालाय."

माझे कान गरम झाले. मी कौल खाटेखाली सरकवलं, जणू काही दिसलंच नाही कुणाला. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी फाइलीचं पान उलटलं, पेन हातात फिरवलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "शेवटचा प्रश्न. हा छापलेला नाही, माझा आहे. त्यांना विचार, हिरकी परत हवी आहे का?"

हा सोपा होता. यात मला काही बदलावं लागणार नाही असं वाटलं. मी विचारलं.

फुई हातावरचा वाळलेला चिखल नखानं काढत बसली. मग मॅडमकडे न बघता माझ्याकडे बघून बोलायला लागली.

"मला काय विचारतेस? तूच सांगितलंस ना फोनवर, मला वेगळी खोली पाहिजे म्हणून. मी रात्रभर विचार केला. तिथं तुला पलंग असेल, दिवा असेल, आपलं-आपलं कपाट असेल. त्याची सवय झाली असेल. झाली तर त्यात तुझा काय दोष? या घराला माझ्या बापानं खोली ठेवलीच नव्हती, काढायलाही जागा नव्हती. म्हणून पाडलं. म्हटलं, खोली बघून तरी येईल. पण तिथंच बरं वाटत असेल तर तसं सांग मॅडमना. मी भांडायला येणार नाही."

मोहाचं एक फूल टपकलं. मग दुसरं.

"काय म्हणाल्या?" मॅडम.

मला एक छान वाक्य तयार करता आलं असतं. 'हो, हवी आहे' एवढं पुरलं असतं. अहवाल पूर्ण झाला असता, दूध, अंडं, मच्छरदाणी, सगळं जागच्या जागी. पण फुई माझ्याकडे बघत होती. तिला मराठी येत नव्हती. मी काय सांगते ते तिला कळलं नसतं. आणि तिला तसंच वाटत राहिलं असतं. कायमचं.

मॅडमनी प्रश्न पुन्हा विचारला नाही. त्या नुसत्या थांबल्या. आजही मला वाटतं, त्यांच्या नोकरीत सगळ्यात अवघड हेच असणार.

मी आधी फुईकडे वळले आणि पावरीत किंचाळलेच, "मला नको होती गं खोली! कागदाला पाहिजे होती!"

"कागदाला?"

"तिथं छापलंय! वेगळी खोली असली तर मुलगी घरी पाठवतात!"

फुईनं फाइलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "कागद झोपणार आहे का त्या खोलीत?"

आधी तेरसिंग आजा हसला, मग त्याची सून, मग सगळाच पाडा, आणि मी हसता हसता अशी भोकाड पसरून रडले की मिरली घाबरून कौल घेऊन पळाली. फुईनं चिखलाचे हात तसेच माझ्याभोवती टाकले. बालगृहाचा फ्रॉक गेला कामातून.

"थांबा रे!" आजानं कामाकडे वळून हाक दिली. "मधली भिंत रद्द! ते चार खांब उपटा!"

"आत्ताच ठोकलेत, आजा!" कुणीतरी वैतागून ओरडलं.

"मग आत्ताच निघतील सोपे!"

निकुंभ मॅडम खाटेवरून उठून उभ्याच राहिल्या. "कुणीतरी मला सांगेल का, इथं काय चाललंय?"

मी नाक पुसलं. आणि सांगितलं. फुई जे जे बोलली ते सगळं, शेवटच्या 'मी भांडायला येणार नाही' पर्यंत. मग फोनचं. मग कोमलचं. मग मच्छरदाणीचं.

"म्हणजे पहिल्यापासून सगळं खोटं?"

"हो मॅडम. सफरचंद पण."

"सफरचंदाचं मला कळलं होतं." त्या पुन्हा बसल्या. त्यांनी भरलेला कागद फाडला नाही. तो फाइलीत मागं सरकवला आणि कोरा कागद पुढं घेतला. "चल. प्रश्न पहिला. रात्री मुलगी कुठं झोपते?"

या वेळी मी शब्दाला शब्द लावून सांगितलं. गोठा, करडू, आजाची सून, सगळं. प्रत्येक उत्तर छापील कागदाच्या हिशेबानं आधीच्यापेक्षा वाईट होतं. मॅडम लिहीत गेल्या. मधेच त्या उठून लाहेचं काम बघायला गेल्या, माणसांना माझ्यामार्फत प्रश्न विचारले: तुमच्या घराच्या लाहेला रुमालीबाई आल्या होत्या का? मुलगी आली होती का? पोरांना जड कौल कोण देतं, कोण देत नाही? मग त्या रांगेत उभ्या राहिल्या आणि त्यांनी तीन कौलं झेलायचा प्रयत्न केला. दोन फुटली.

"यांना कागदाचंच काम चांगलं," आजा म्हणाला. मॅडमनी विचारलं तेव्हा मी तेही जसंच्या तसं सांगितलं. त्या खो-खो हसल्या.

दुपारी सगळ्यांबरोबर पंगतीला बसून त्यांनी उडदाची डाळ दोनदा घेतली. चारला जीप निघायची होती. तोवर खांब उभे होते, कुड अर्धा लिंपलेला, आणि छपरावर कौलं चढायला लागली होती. मला त्यांच्याबरोबर परत जावं लागणार होतं.

जीपमध्ये मी विचारलं, "मॅडम, हे वाचून समिती मला पाठवेल ना घरी?"

"माहीत नाही गं," त्या म्हणाल्या. "पण दुसरं काही मला लिहिता येणार नाही."

शुक्रवारी अकरा वाजता समिती बसली. अध्यक्ष होते बेंडाळे सर, निवृत्त हेडमास्तर, पांढऱ्या मिशा, पुढं तांब्याभर पाणी. फुई पहाटेच्या जीपनं आली होती. नवी साडी, पण नखांत माती तशीच. ती बाकाच्या टोकावर बसली, बाक पडेल की काय अशी.

बेंडाळे सरांनी अहवाल वाचला. पुन्हा वाचला. मग चष्म्यावरून बघितलं.

"निकुंभ, हे काय आहे? 'सकाळी दहा वाजता घर नाही. बारा वाजता खांब. चार वाजता अर्धं छप्पर.' मी आजपर्यंत हजार गृहचौकशा वाचल्या असतील. घड्याळावर चालणारं घर पहिल्यांदाच बघतोय."

"मी होते तेवढा वेळ असंच होतं, सर."

"झोपायची जागा ठरलेली नाही. खाणं निरनिराळ्या घरांत. मुलगी काम करते, तेही कौलं चढवायचं. आणि खाली तुम्ही लिहिताय, मुलीला घरी सोपवावं! हा अहवाल तिच्या बाजूचा आहे की विरुद्ध?"

"खरा आहे, सर. ही मुलगी एका घरातली नाही, एका पाड्यातली आहे. तिच्या फुईनं बावीस घरं बांधायला हात लावलाय. ते सगळे काल तिच्यासाठी आले होते."

"दुभाषी कोण होतं?"

मॅडम म्हणाल्या, "मुलगीच."

सरांनी कागद टेबलावर ठेवला. "मग काय अर्थ आहे याला? जिला घरी जायचंय तीच दुभाषी. तिनं आपल्या सोयीचं सांगितलं नसेल कशावरून?"

हे मला सुचलंच नव्हतं.

"सोयीचं आधी सांगितलं होतं, सर," निकुंभ मॅडम म्हणाल्या. "तेही जोडलंय. पान चार."

सरांनी पान चार काढलं. ते वाचता वाचता त्यांच्या मिशा हलायला लागल्या. "'सकाळी दूध. दुपारी अंडं. संध्याकाळी…' सफरचंद?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. शेजारच्या सदस्य बाईंनी पदर तोंडाला लावला.

"पोरी," सर म्हणाले, "हे पान चार एकटं आलं असतं, तर मी दोन मिनिटांत सही केली असती. ठाऊक आहे तुला?"

"हो सर."

"मग खरं कशाला सांगत बसलीस?"

त्या खोलीत मी आयुष्यात पहिल्यांदा एका मोठ्या माणसाच्या डोळ्यांत बघून बोलले. "फुईला वाटलं होतं, मला ते घर पुरत नाही. मी खोटंच सांगत राहिले असते, तर मी घरी गेले असते सर, पण तिला तेच वाटत राहिलं असतं."

सर तांब्यातलं पाणी प्यायले.

"आणि कामाचं काय? कौलं उचलायला आवडतं?"

"लाहेत हात लावला नाही तर जेवताना लाज वाटते, सर."

"शाळा?"

मी फुईला विचारलं. ती ताठ बसली. "शाळा आहे. मास्तर नाही." मी तसंच सांगितलं, आणि हेडमास्तर राहिलेले बेंडाळे सर असे ठसकले की सदस्य बाईंना त्यांची पाठ थोपटावी लागली.

मग त्यांनी लिहायला घेतलं. लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणत होते: मुलगी रुमालीबाईंकडे, दर तीन महिन्यांनी निकुंभ जाऊन बघतील, जूनपासून मुलगी आश्रमशाळेत, सुट्टीत घरी, आणि मास्तरचं काय ते मी स्वतः पत्र लिहितो. त्यांनी सही केली. शिक्का मारला. मला वाटलं होतं शिक्क्याचा आवाज मोठा येईल. टप्प, एवढाच आला.

"आता त्यांना विचार," सर पेन टोपणात घालत म्हणाले, "मुलगी सोपवतोय. त्यांना काही म्हणायचंय का?"

मी फुईला विचारलं.

आणि फुई सुटली. बावीस दिवसांचं साठलेलं होतं. ती बोलतच राहिली: केस कुणी असे कापले, फ्रॉक किती तोकडा, तू नव्हतीस तर बकरीनं दोन करडं दिली आणि एक तुझं आहे, तेरसिंगची सून रोज विचारते, रात्री मी तीनदा उठून दार बघायचे, मग आठवायचं की तू घराबाहेर नाहीस, गावाबाहेर आहेस, आणि काल तुला जीपमध्ये परत चढताना बघितलं तेव्हा माझ्या हातून धान्याचं आख्खं सूप खाली पडलं, लोक हसले, हसू दे. बोलता बोलता तिचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही, फुटक्या आवाजातच पुढं गेली.

शेवटी श्वास संपला तेव्हा गप्प बसली.

"काय म्हणाल्या?" बेंडाळे सरांनी विचारलं.

मी बोलायचा प्रयत्न केला. दोन दिवसांत पहिल्यांदाच दुभाष्याला शब्द मिळेना.

"घरी चल म्हणते," मी म्हटलं.

सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "चांगली पाच मिनिटं बोलत होत्या त्या!"

"हो सर," मी म्हटलं. "पण म्हणते एवढंच."